सात ठिकऱ्या आणि एक चेंडू

आपल्या भागात लगोरी मराठी घरातही लगोरीच आणि कन्नड घरातही लगोरीच. त्यामुळे या खेळाचे नियम कुणाला समजावून सांगावे लागतात, हे आपल्या कधी ध्यानातच येत नाही. माझ्या ध्यानात आलं ते गुजरातेत, एका लहान मुलीचा कान लालबुंद झाल्यावर.

गेल्या उन्हाळ्यात दीड महिना मी लेकीकडे कामरेजला राहून आले. कामरेज हे सुरतेपासून साधारण २० किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. जवळून तापी वाहते, भोवती उसाची शेतं आणि कडेनं महामार्ग. त्या महामार्गाची एक गंमत जावईबापूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितली. कामरेजच्या चार रस्त्यावरून जातो तो राष्ट्रीय महामार्ग ४८, आणि कोल्हापूरहून आपल्या बेळगावकडे येऊन पुढं हुबळीला जातो तोही ४८च. पूर्वी मुंबईच्या वर ८ नंबर आणि मुंबईपासून खाली ४ नंबर असे दोन वेगळे आकडे होते. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले आणि दिल्लीपासून चेन्नईपर्यंत एकच आकडा झाला. "अत्ते, रस्ता एकच आहे. फक्त वळायचं नाही, सरळ यायचं," जावईबापू हसून म्हणाले.

रस्ता एक असला तरी वाटेत भाषा बदलते, आणि माझा नऊ वर्षांचा नातू तिथंच अडकला होता. जावईबापू धारवाडकडचे. घरात हा मुलगा आईशी मराठी आणि अप्पांशी कन्नड बोलतो. बेळगावात असताना आमच्या गल्लीत एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरून भांडायचा. दिवाळीनंतर अप्पांच्या नोकरीमुळं सगळे कामरेजला आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं त्याचं निभावत होतं. पण संध्याकाळचा खेळ काही इंग्रजीत चालत नाही, तो गुजरातीत चालतो. सहा महिने झाले तरी हा गॅलरीतून खाली बघत बसायचा. लेक मला एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, जूनमध्ये जाताना याला घेऊनच जा. तिथंच शाळेत घालू. इथं त्याचं मन लागेल असं वाटत नाही."

खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं. नातू जवळ राहणार म्हटल्यावर कुठल्या आज्जीला वाईट वाटेल? पण मुलाला आईबापापासून सोडवून नेणं ही गोष्ट लहान नाही, हेही कळत होतं.

'हात' म्हणजे किती?

त्यांच्या सोसायटीत मध्यभागी छान हिरवळ आहे आणि तिथं चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी आहे. मुलं खेळतात ती मागच्या बाजूला. गुजरातेत सोसायटीची जी मोकळी सामाईक जागा सोडलेली असते, तिला सगळे 'कॉमन प्लॉट' म्हणतात. त्या कॉमन प्लॉटवर अर्धं गवत, अर्धी माती. एका संध्याकाळी नातवाला ओढूनच खाली नेलं आणि बाकावर बसले.

मुलं फरशीचे तुकडे एकावर एक रचत होती आणि मोजत होती, "एक, बे, त्रण, चार, पांच, छ, हात!" नातू आपल्या हाताकडं बघायला लागला. "आज्जी, हात म्हणून काय म्हणायल्यात हे?" मलाही क्षणभर कळेना. मग उलगडलं. सुरतेकडं आणि सौराष्ट्राकडं बोलताना 'स'चा पुष्कळदा 'ह' होतो. सात म्हणजे 'हात'. सात तुकडे रचून झाले होते आणि लांब एक मुलगा चेंडू घेऊन उभा होता. नातू एकदम ओरडला, "आज्जी, लगोरी!"

तिथं या खेळाला 'सतोडियुं' म्हणतात. नाव सातावरूनच आलेलं. नंतर मी सहज आठवून पाहिलं, तर आपल्या देशात या एका खेळाला कितीतरी नावं आहेत. आपल्याकडं लगोरी, मराठी मुलखात कुठं लिंगोरचा, गोव्यात लगोऱ्यो, राजस्थानात सितोलिया, हिंदी प्रदेशात पिट्ठू. तेलुगूत 'एडु पेंकुलाट', म्हणजे सात खापऱ्यांचा खेळ. बंगालीतलं 'सातचारा' हे नावही सात खापऱ्यांचंच. मुलांनी खापऱ्या, दगड, फरशा जे हाताला लागेल ते घेतलं. आकडा मात्र बहुतेक ठिकाणी सातच राहिला.

माझी चूक

नातू धावत गेला, मुलांनी त्याला घेतलं, आणि मी समाधानानं पदर सावरून बसले. खेळ तोच आहे, आता वेगळं काय सांगायचं, असं मला वाटलं. ही माझी चूक झाली.

आमच्या गल्लीतली मोठी मुलं मानेच्या खाली कुठंही चेंडू मारतात, तोही रप्पकन. नातू तेच शिकून आलेला. तिथल्या मुलांचा नियम कमरेच्या खाली मारायचं असा होता, तो त्याला कुणी सांगितला नाही. सांगितला असता तरी त्याला कळला नसता. दहाव्या मिनिटाला त्यानं एका मुलीला नेम धरून चेंडू मारला. ती नेमकी त्याच वेळी तुकडा ठेवायला वाकली आणि चेंडू पाठीऐवजी कानावर बसला. कान लाल झाला, मुलगी रडायला लागली, मुलं जमली. "आने रमाडवो नथी," एकानं निकाल दिला. याला खेळवायचं नाही. एवढं गुजराती नातवालाही कळलं.

रात्री सोसायटीतल्या एकदोघांनी चेंडूचा खेळ बंदच करावा असा विषय काढला. नातू तीन दिवस खाली उतरला नाही. आपल्याकडं कट्टी असते, तिथं त्याला 'किट्टा' म्हणतात; किट्टा झाली होती. लेकीनं माझ्या परतीच्या तिकिटाबरोबर त्याच्याही तिकिटाची चौकशी सुरू केली.

चौथ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. घरातले पुरुष हिऱ्याच्या कारखान्यात कामाला, कुटुंब मूळचं सौराष्ट्रातलं. दार उघडलं तिच्या आजीनं. तिथं वयस्कर बाईला 'बा' म्हणतात. मी मोडक्या हिंदीत माफी मागितली. बा म्हणाल्या, "छोकरां छे, बेन," आणि चहा ठेवला. मग बोलता बोलता कळलं की बा स्वतः लहानपणी सतोडियुं खेळलेल्या. फुटक्या माठाची 'ठीकरां' घेऊन. मी म्हटलं, आमच्याकडंही ठिकरीच म्हणतात! मग त्यांनी चेंडूला दडो म्हटलं आणि मी सांगितलं की आमच्याकडं मराठीतही चेंडू आणि कन्नडमध्येही चेंडूच. अशी आमची शब्दांची देवाणघेवाण झाली. शेवटी बा म्हणाल्या, मुलांना खाली बोलावू, आधी नियम ठरवू, मग खेळू देत.

त्या संध्याकाळी दोन म्हाताऱ्या बाकावर आणि डझनभर मुलं समोर मातीत, असा नियमांचा पाढा झाला. मी मराठीत सांगायचं, शिरपूरकडच्या एका मुलानं त्याचं गुजराती करायचं. त्याची आई घरात अहिराणी बोलते, पण मराठी त्याला समजतं. नातू ऐकत होता. एकदोन शब्दांवर त्यानंही हात वर करून विचारलं.

त्या दिवशी जे ठरलं तेच इथं लिहिते. आपल्याकडच्या पद्धतीत आणि त्यात फार फरक नाही, पण कुठल्याही वाड्यात, गल्लीत, अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदा खेळ मांडताना उपयोगी पडेल.

साहित्य

ठिकऱ्या सात. सपाट हव्यात आणि लहानमोठ्या हव्यात. सर्वांत मोठी तळहाताएवढी, सर्वांत लहान बिस्किटाएवढी. आमच्या लहानपणी मंगळुरी कौलांचे तुकडे असत. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं आपल्या घरांवर आली. फुटली की आमच्या लगोरीत आली. आता शहाबादी किंवा कडप्प्याचे तुकडे कुठंही बांधकामापाशी मिळतात. फक्त कडा खरखरीत दगडावर घासून बोथट करा. चकचकीत टाईलचा तुकडा घेऊ नका, त्याची धार हात कापते. घरात सुतारकाम चालू असेल तर लाकडाच्या गोल चकत्या कापून घ्या, लहान मुलांना त्या सर्वांत बऱ्या.

चेंडू एक. टेनिसचा चेंडू चालतो, त्याचं वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या आसपास असतं. क्रिकेटचा कातडी चेंडू त्याच्या जवळजवळ तिप्पट, सुमारे १६० ग्रॅम. तो इथं अजिबात नको. नेम माणसावर धरायचा आहे, हे विसरू नये. सगळ्यांत उत्तम म्हणजे चिंध्यांचा चेंडू. जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, वरून जुना मोजा चढवायचा आणि जाड दोऱ्यानं आडवेउभे टाके घालायचे. तो लागत नाही, गाडीची काच फोडत नाही आणि उसळी कमी घेत असल्यामुळं दूर जात नाही. कामरेजला बांनी आणि मी मिळून दोन चेंडू शिवले. खेळ बंद करायचा विषय त्या चेंडूंनीच मिटवला.

जागा. साधारण १५ पावलं लांब आणि तेवढीच रुंद मोकळी जागा पुरे. मधोमध हातभर व्यासाचं रिंगण आखायचं. रिंगणापासून सहासात पावलांवर चेंडू मारायची रेघ. लहान मुलांसाठी चार पावलं. जमीन सपाट नसेल तर रिंगणात एक मोठी फरशी बसवून घ्या, नाहीतर निम्मा वेळ ठिकऱ्या नीट बसवण्यातच जातो.

खेळायचं कसं?

सारख्या संख्येचे दोन गट पाडायचे. चार-चार मुलं असली तरी खेळ रंगतो, आठ-आठ असली तर उत्तम. राज्य कुणावर, ते ओली-सुकीनं ठरवायचं. ठिकरीची एक बाजू ओली करून वर उडवायची आणि मागायचं. नाणं नको, पंच नको.

सातही ठिकऱ्या रिंगणात रचायच्या. मोठी तळाला, लहान शेंड्याला. फोडणाऱ्या गटातला एकेक जण रेघेवरून चेंडू मारतो. प्रत्येकाला तीन संधी. चेंडू ठिकऱ्यांना न लागता एक टप्पा पडला आणि राज्य असलेल्या गटातल्या कुणी तो झेलला, तर मारणारा बाद. म्हणून राज्य असलेला गट रिंगणाच्या मागं पसरून उभा राहतो.

लगोरी फुटली की खरी धावपळ. फोडणारा गट पांगतो. आता त्यांना सातही ठिकऱ्या पुन्हा तशाच रचायच्या आहेत. दुसऱ्या गटानं चेंडू आणून त्यांच्यातल्या कुणाला तरी, लगोरी लागायच्या आत, चेंडू मारायचा आहे. चेंडू हातात असलेल्यानं धावायचं नाही. जागेवरून मारायचं, नाहीतर जवळच्या गड्याकडं टाकायचं. हा नियम लहान वाटतो, पण सगळी मजा त्यातच आहे. तो नसला तर सर्वांत जोरात पळणारा एकटाच खेळत राहतो आणि बाकीचे बघत उभे राहतात.

सातवी ठिकरी बसली की रचणाऱ्यानं मोठ्यानं ओरडायचं. आपल्याकडं "लगोरी!", तिथं "सतोडियुं!" ओरडायच्या आत चेंडू लागला तर डाव गेला. ओरडल्यावर लागला तर काही नाही. लगोरी लागली की त्या गटाला एक गुण आणि पुन्हा फोडायचा मान. डाव गेला की राज्य बदलतं. सात गुण आधी करील तो गट जिंकला.

आधी ठरवायच्या पाच गोष्टी

गावोगावी भांडणं होतात ती याच पाच गोष्टींवरून. म्हणून पहिला चेंडू मारायच्या आधी सगळ्यांना रिंगणाभोवती उभं करून हे मोठ्यानं बोलून घ्यावं.

१. चेंडू कुठं मारायचा? कमरेच्या खालीच. वर लागला तर मारणाऱ्या गटाची चूक, आणि रचणाऱ्या गटाला एक गुण. वाकून ठिकरी ठेवणाऱ्याला तर पायावरच. चष्मा लावणाऱ्या मुलांसाठी हा नियम फार महत्त्वाचा.

२. चेंडू लागला तर एकटाच बाद की सगळा गट? मुलं थोडी असतील तर सगळ्या गटाचा डाव गेला असं धरावं, खेळ भरभर फिरतो. मुलं जास्त असतील तर एकेक बाद करत जावं.

३. चेंडू हद्दीबाहेर, गाडीखाली किंवा गटारात गेला तर? चेंडू परत येईपर्यंत सगळे जागच्या जागी. नाहीतर एक गट चेंडू शोधतोय आणि दुसरा निवांत लगोरी लावतोय, असं होतं.

४. रचलेली लगोरी वाऱ्यानं किंवा स्वतःच्याच पायानं पडली तर? पुन्हा रचायची. दुसऱ्या गटानं मुद्दाम लाथेनं पाडली तर रचणाऱ्यांना गुण.

५. लहान भावंडांचं काय? आपल्याकडं त्यांना लिंबूटिंबू म्हणतात. कन्नडमध्ये याच्यासाठी किती नेमकी म्हण आहे! आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल. खेळात आहे, हिशेबात नाही. लिंबूटिंबूला चेंडू मारायचा नाही, पण त्यानं ठेवलेली ठिकरी मोजायची. त्यामुळं तो रडतही नाही आणि घरीही जात नाही.

कामरेजला पहिल्या नियमावर बराच वाद झाला. मोठ्या मुलांना गुडघ्याखाली नको होतं, लहानांना पाठ नको होती. शेवटी कान लाल झालेल्या त्या मुलीनंच कमरेवर हात ठेवून दाखवलं आणि म्हणाली, "वागे एवुं नहीं मारवानुं." लागेल असं मारायचं नाही. नातवानं मान हलवली. सगळ्या नियमांत हा एक नियम तिथल्या भाषेतच राहिला, मराठीत आणावा लागला नाही.

थोड्या युक्त्या

लगोरी हा नुसत्या जोराचा खेळ नाही. जोरात तळाला मारलं की ठिकऱ्या चारी दिशांना उडतात. बघायला छान, पण मग रचायलाही सातच. शहाणा गडी शेंड्याला हलकेच मारतो. वरच्या दोन-तीनच ठिकऱ्या पडतात आणि दोन-तीन हातांत लगोरी उभी राहते. मात्र नेम चुकला तर चेंडू वरून निघून जातो. किती धोका पत्करायचा, हे रेघेवर उभं राहिल्यावर ज्याचं त्यानं ठरवायचं.

रचताना एकानंच बसून राहू नये. एक ठिकरी ठेवावी आणि पळावं. त्याच वेळी दुसऱ्यानं चेंडूवाल्याच्या समोरून मुद्दाम धावावं, म्हणजे त्याचं लक्ष तिकडं जातं. ठिकऱ्या लांब उडाल्या असतील तर आधी सगळ्या रिंगणाजवळ आणून आकारानं लावून ठेवाव्यात, मग एका दमात रचाव्यात. राज्य असलेल्या गटानं चौघांना चार बाजूंना ठेवून चेंडू एकमेकांकडं भरभर फेकत राहावं. जो एकट्यानं नेम धरायला जातो त्याचा चेंडू बहुतेक वेळा लांब जातो, आणि तो आणेपर्यंत समोरचे ओरडलेले असतात.

नातवाचा नेम चांगला. पण दुसऱ्याकडं चेंडू टाकायची सवय नव्हती, कारण टाकताना नाव घ्यावं लागतं, काहीतरी बोलावं लागतं. "आप! आप!" म्हणजे "दे! दे!" हे त्याचं पहिलं गुजराती. "लई ले", घे, हे दुसरं. मग "मारो दाव", म्हणजे माझा डाव. आठवडाभरात 'अंचई' हा शब्दही आला. आपण रडीचा डाव म्हणतो, कन्नडमध्ये मोस म्हणतात, त्याला ते अंचई म्हणतात. हा शब्द आल्यावर मी निश्चिंत झाले. ज्या भाषेत मूल भांडायला शिकलं, ती भाषा त्याला आली.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी

बा आणि मी नुसत्याच बसून राहिलो असं समजू नका. फ्रान्समध्ये पेतांक नावाचा चेंडूफेकीचा खेळ आहे. लाकडाची लहान गोळी पुढं टाकायची आणि आपला चेंडू तिच्या जितका जवळ जाईल तितका टाकायचा. मार्सेयजवळच्या ला सियोता या गावात १९०७ ते १९१० च्या सुमारास तो सुरू झाला. जुन्या खेळात धावत येऊन चेंडू टाकावा लागे. एका चांगल्या खेळाडूला संधिवातानं धावता येईना, तेव्हा मित्रांनी नियमच बदलला. सगळ्यांनीच पाय जमिनीला टेकवून, जागेवरून टाकायचं. आज तो खेळ पुष्कळ देशांत खेळतात. गड्याला खेळाबाहेर काढण्यापेक्षा नियम बदललेला बरा, हे तिथल्या लोकांनाही सुचलं, याचा मला आनंद झाला.

आम्ही आमचं पेतांक चिंध्यांच्या चेंडूंवर भागवलं. मुलांनी खेळ आटोपला की सर्वांत लहान ठिकरी पाच पावलांवर ठेवायची, आणि जागच्या जागी उभं राहून तीन-तीन चेंडू टाकायचे. चेंडूला उसळी कमी असल्यामुळं तो टाकला तिथंच राहतो. ज्याचा चेंडू ठिकरीच्या जवळ त्याला गुण. जवळ कुणाचा, हे वितीनं मोजायचं. बांची वीत माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मोजायचं काम मुलांकडं दिलं. आजी-आजोबांनी संध्याकाळी बाकावर बसून गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगण्यापेक्षा हे करून बघावं.

वेळेचं भान

सुरतेकडचा उन्हाळा कडक. आपल्याकडंही आता एप्रिल-मेचं ऊन सोसवत नाही. सहाच्या आत खेळ मांडू नये. पाण्याच्या बाटल्या रिंगणापासून लांब ठेवाव्यात. गाड्या लावतात त्या बाजूला चेंडू मारायची दिशा असू नये. रेघ अशी आखावी की चेंडू भिंतीकडं जाईल. शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घ्यावी आणि ती पाळावी. कामरेजला सहा ते साडेसात ठरली. साडेसातला खेळ थांबवायची जबाबदारी मुलांनी स्वतःतल्याच एकाकडं दिली, आणि मोठ्यांची कुरकूर थांबली.

खेळ संपला की ठिकऱ्या मोजून डब्यात भरायच्या. सातातली एक हरवली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा अर्धा तास शोधण्यात जातो.

शेवटचा डाव

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं. लेकीनं नातवाला विचारलं, आज्जीबरोबर जातोस ना बेळगावला? तो म्हणाला, "आज्जी, तू हो पुढं. आमचे पाच झालेत, दोन राहिल्यात." सात गुणांचा डाव अर्धा सोडून त्याला यायचं नव्हतं. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. एकाच माणसाचं तिकीट काढलं.

बसमध्ये ४८ नंबरच्या रस्त्यानं येताना मला थोडं वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण समाधानही होतं. आपल्या सीमाभागातली मुलं दोन भाषांत वाढतात, तेव्हा त्यांना सगळीकडं सहज जमेल असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तिसरी भाषा समोर आली की ती मुलंही गप्प होतात. अशा वेळी पुस्तक हातात देण्याआधी एखादा खेळ हातात द्यावा. खेळ मात्र नुसता देऊन चालत नाही. आधी सगळ्यांना गोल उभं करून, काय चालेल आणि काय चालणार नाही, हे प्रत्येकाला कळेल अशा भाषेत बोलून घ्यायला हवं. मी ते पहिल्या दिवशी केलं असतं तर एक कान वाचला असता.

या सुट्टीत आपल्या गल्लीत लगोरी मांडा. मराठी, कन्नड, उर्दू, ज्या ज्या घरातली मुलं असतील त्यांना बोलवा. ते पाच नियम मुलांनाच ठरवू द्या, आणि प्रत्येक नियम दोन्ही भाषांत मोठ्यानं म्हणवून घ्या.

परवा नातवाचा फोन आला होता. डाव कुणी जिंकला, विचारलं. "आम्ही! हात-पाच!" म्हणाला. मला आता त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.